सैनिकाच्या हातची विद्या कागदावर आणा : नागपुरातून एक खुले पत्र

प्रति,
माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
माननीय महासंचालक, पुनर्वसन महासंचालनालय, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० जण निवृत्त होतात आणि त्यांतील बहुसंख्य ३५ ते ४५ या वयाचे असतात, हे संरक्षण मंत्रालय वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ज्या वयात गावातल्या शाळामास्तराला बढतीची आस लागलेली असते, त्या वयात आमचा नाईक किंवा हवालदार डिस्चार्ज बुक घेऊन घरी परततो. मुले शाळेत असतात आणि घराचे कर्ज निम्मेही फिटलेले नसते. पेन्शन मिळते हे खरे. पण शिपाई-नाईक पदाच्या पेन्शनीत नागपुरासारख्या शहरात घरखर्च आणि मुलांचे शिक्षण दोन्ही भागत नाही, म्हणून पुढची वीस वर्षे त्याला काम करावेच लागते. हे पत्र त्या वीस वर्षांविषयी आहे.

मी इंजिनिअर्स कोरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून नागपूर-कामठी भागातील माजी सैनिकांना नोंदणी, अर्ज आणि मुलाखती यांत जमेल तशी मदत करतो. या कामात जे दिसले त्यावरून माझे म्हणणे असे आहे की, निवृत्त सैनिकाला नवे काहीतरी शिकवण्याच्या खटाटोपात आपण त्याला जे आधीच उत्तम येते त्याचा नागरी दाखला द्यायचे विसरतो. आणि असा दाखला देण्याचा अधिकार असलेल्या किंवा त्यासाठी शिकवू शकणाऱ्या कितीतरी संस्था एकट्या नागपुरात असूनही या शहरातल्या माजी सैनिकाला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

आमच्याकडे निवृत्त सैनिकाला पहिले बोलावणे येते ते सिक्युरिटी एजन्सीचे. पहारा देण्यात कमीपणा आहे असे मी कधीही म्हणणार नाही. आपल्या महासंचालनालयाने पॅनेलवर घेतलेल्या एजन्सींमधून किंवा मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत ज्यांना जागा मिळते त्यांना ठरलेल्या दराने पगार तरी मिळतो. पण त्या जागा थोड्या आणि मागणारे फार, म्हणून उरलेले लोक बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर मिळेल त्या पगारात उभे राहतात. खरा प्रश्न पगाराच्याही आधीचा आहे. नागपूर जिल्ह्यातील एका स्फोटक कारखान्याच्या फाटकावर मला ऑर्डनन्स कोरमधून निवृत्त झालेले एक ॲम्युनिशन टेक्निशियन भेटले. आयुष्यभर त्यांनी दारूगोळा तपासला होता, निकामी केला होता, साठवणुकीचे नियम कनिष्ठांकडून पाळून घेतले होते. कारखान्याच्या आत ज्या कामासाठी माणसे शोधली जात होती त्या कामाचा जाणकार बाहेर बसून आलेल्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होता. व्यवस्थापकांशी बोललो तेव्हा ते सरळ म्हणाले, "यांच्याकडे आमच्या उपयोगाचे कोणतेही सर्टिफिकेट नाही." त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही, कारण स्फोटकांच्या धंद्यात कागदाशिवाय माणूस कामावर ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो.

हा कागद कोण देतो, ते पाहू. खाणीबाहेरच्या स्फोटकामासाठी शॉटफायररचा, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याचा, परवाना पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, देते. तिचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. खाणीतल्या शॉटफायररची आणि माइनिंग सरदार, ओव्हरमन या देखरेखीच्या पदांची प्रमाणपत्रे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात आणि त्या महासंचालनालयाची कार्यालये नागपुरात आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, मँगनीज खाणी चालवणाऱ्या मॉइलचे काटोल रोडवर, भारतीय खाण ब्युरोही इथलाच. स्फोटके बनवणारे कारखाने जिल्ह्याच्या वेशीवर आणि दारूगोळ्याचे केंद्रीय भांडार शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला. एवढे सगळे एका दिवसाच्या फेरीत पाहून येण्यासारखे असताना सॅपर (इंजिनिअर्स कोरचा जवान) आणि ॲम्युनिशन टेक्निशियन यांना सैन्यातल्या कामावरून नागरी परवान्यापर्यंत नेणारा एकही नियमित अभ्यासक्रम या शहरात मला सापडलेला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सैन्यातला सॅपर उद्या सकाळी कोळशाच्या खाणीत उतरून सुरुंग लावू शकेल, असा माझा दावा नाही. पूल उडवणे आणि कोळशाचा थर फोडणे यांत फरक आहे. खाणीत मिथेन असतो, कोळशाची धूळ पेट घेते, छत आधाराशिवाय उभे राहत नाही, हवा कुठून येते आणि कुठे जाते याचा हिशेब ठेवावा लागतो. यातले आम्हाला फारसे कोणी शिकवलेले नसते. माइनिंग सरदाराच्या परीक्षेसाठी प्रथमोपचाराचे आणि वायुपरीक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि खाणीतला प्रत्यक्ष अनुभवही लागतो. पण डिटोनेटर हाताळणे, दारू मोजून वापरणे, न फुटलेल्या सुरुंगाजवळ किती वेळाने जायचे, माणसांना किती अंतरावर थांबवायचे, नोंदवहीत काय लिहायचे, हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणजे उरते ते वायू, धूळ, छत आणि कायदा. एवढ्या भागाचे शिक्षण काही महिन्यांचे आहे, आणि अनुभवाच्या अटीत सैन्यातली किती वर्षे धरता येतील हे खाण सुरक्षा महासंचालनालयाने एकदा बसून ठरवायचे आहे. सवलत नको, मोजमाप हवे. परीक्षा तीच ठेवा, हवी तर कडक ठेवा.

आगीचेही तसेच. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय इथेच होते आणि एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमीही नागपूरचीच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू झाल्यापासून मोठ्या इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. रुग्णालये, मॉल, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने या सर्वांना फायर सेफ्टी समजणारी माणसे लागतात. दारूगोळा आणि इंधन यांच्या सहवासात ज्याने वीस वर्षे काढली, त्याला या कामासाठी तयार करायला किती दिवस लागतील? महाविद्यालयाने निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी वर्षातून एक स्वतंत्र तुकडी ठेवावी, एवढीच विनंती आहे.

वायुसेनेच्या बाबतीत तर नागपूरइतकी सोय देशात क्वचितच कुठे असेल. विमाने आणि इतर सामग्रीची देखभाल पाहणाऱ्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय वायुसेना नगरात, आणि तिथून काही किलोमीटरवर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात बोइंगने उभारून दिलेले विमान दुरुस्ती केंद्र. पण वायुसैनिकाने एएन-३२ या मालवाहू विमानाची इंजिने कितीही उतरवली आणि चढवली असली, तरी नागरी विमानाच्या देखभालीवर सही करायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो आणि तो एकेका विषयाच्या, म्हणजे मॉड्यूलच्या, परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. काही हुशार मुले नोकरीत असतानाच एकेक मॉड्यूल सोडवतात. बाकीच्यांना ही वाट आहे हे कळते तेव्हा घरी जाण्याची तारीख जवळ आलेली असते. वाहनचालकांनी हेवी व्हेइकलचा नागरी परवाना वेळेत करून घ्यावा यासाठी युनिटमध्ये जसा आग्रह धरला जातो, तसा आग्रह या परीक्षांसाठी का धरला जाऊ नये?

मेडिकल कोरचे नर्सिंग असिस्टंट ही यातली सर्वांत दुखरी बाजू आहे. फिल्ड हॉस्पिटलमध्ये रात्र-रात्र जखमी सांभाळलेल्या माणसाला शहरातल्या रुग्णालयात वॉर्डबॉयची जागा देऊ केली जाते, कारण परिचर्या परिषदेची नोंदणी त्याच्यापाशी नसते. नोंदणीचे नियम रुग्णाच्या हिताचे आहेत आणि ते मोडावेत असे मी म्हणत नाही. मात्र त्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसवणे आणि अजिबात न बसवणे यांच्या मध्ये काहीतरी असले पाहिजे. ते शोधण्याचे काम आरोग्य विभागासोबत बसून राज्य शासनच करू शकते.

कागदावर समकक्षता आहे, हे मला ठाऊक आहे. सैन्यातला कारागीर ट्रेड टेस्ट देत देत तिसऱ्या वर्गापासून पहिल्या वर्गापर्यंत चढतो, आणि २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात अशा अनुभवाला स्तर देण्याची तरतूद आहे. पण बुटीबोरीतल्या कारखान्याचा एचआर अधिकारी आयटीआय विचारतो, वायरमनचे लायसन्स विचारतो, बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र विचारतो. डिस्चार्ज बुकातील ट्रेडच्या रकान्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही आणि वाचायला त्याला वेळही नाही. त्याच्या ओळखीचा कागद सैनिकाच्या हातात पडला पाहिजे, आणि तो पडायला हवा सेवेच्या शेवटच्या वर्षात, पगार चालू असताना. एकदा माणूस गावी गेला, शेतीत अडकला, घराच्या भांडणात सापडला, की परत वर्गात येऊन बसत नाही.

आपल्या महासंचालनालयाचे अभ्यासक्रम जवानांना विनामूल्य आहेत, ही मोठी गोष्ट आहे आणि तिची जाणीव मला आहे. अधिकाऱ्यांसाठी आयआयएममधले सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम तर चांगलेच नावाजलेले आहेत. जवानांच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा जे येते ते सिक्युरिटी सुपरवायझर, ऑफिस असिस्टंट अशा नावांचे साधारण तीन महिन्यांचे वर्ग, ज्यांत शिकवलेले त्याच्या ट्रेडशी जुळत नाही आणि मिळालेले प्रमाणपत्र नागपुरातल्या मालकाला नवखे वाटते. कोर्स निवडताना त्याला सल्ला देणारे कोणी नसते. जागा जिथे मिळाली आणि जो घराच्या जवळ पडला, तो कोर्स तो घेतो. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी तो काळ सुट्टीसारखा घालवला, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

इन्फन्ट्रीच्या जवानाचे काय, असे आपण विचाराल. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे हा प्रश्न आमच्या भागात रोजचा आहे. त्याच्याकडे हाताचा ट्रेड नसतो. पण प्लाटून हवालदार म्हणून त्याने तीसेक माणसांची ड्यूटी लावलेली असते, क्वार्टरमास्टरच्या हाताखाली सामानाचा पै-पैचा हिशेब दिलेला असतो, रात्री दोन वाजता ताफा निघणार म्हटले की तो दोनलाच निघतो. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे वर्धा रोडपासून समृद्धी महामार्गापर्यंत गोदामे वाढत आहेत आणि तिथे नेमकी हीच माणसे हवी आहेत. गोदामाचे संगणकीकरण, बारकोड, जीएसटीची ई-वे बिले एवढे शिकवले तर तो वॉचमनऐवजी स्टोअर इन्चार्ज होतो. हे शिकवायला आयटीआय पुरेशी आहे.

थोडा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. दुसरे महायुद्ध संपत असताना, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या लाखो लोकांना कामाला लावण्यासाठी पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. देशभरची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस त्यातून उभी राहिली, आणि सैनिकांसाठी सुरू झालेल्या प्रशिक्षणाच्या योजनांचा वारसा पुढे १९५० नंतरच्या आयटीआयच्या व्यवस्थेत मिसळला. म्हणजे ज्या आयटीआयचा कागद आज आमच्याकडे मागितला जातो, तिच्या पायाभरणीत सैनिकाच्या पुनर्वसनाचा मोठा वाटा आहे. तेव्हा सरकारला जे सुचले आणि जमले, ते आज जमू नये असे काही कारण दिसत नाही.

आता थोडे कार्यालयांविषयी. दक्षिण क्षेत्राचे पुनर्वसन संचालनालय पुण्यात, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे संचालनालय पुण्यात, मेस्कोचे मुख्यालय पुण्यात. पुण्याबद्दल आमची काही तक्रार नाही (असली तरी ती या पत्राचा विषय नव्हे), पण गडचिरोली किंवा गोंदियाच्या माजी सैनिकाला एका सहीसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागणे न्याय्य नाही. विदर्भातली बहुतेक सैन्यभरती नागपूरच्या भरती कार्यालयातून होते; माणूस घेताना कार्यालय नागपुरात आणि तो परत करताना पुण्यात, हा व्यवहार उलटा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कर्मचारी सौजन्याने वागतात, परंतु ओळखपत्रे, शिष्यवृत्त्या, विधवांची प्रकरणे यांतच त्यांचा दिवस संपतो. उद्योगांकडे जाऊन माणसांची मागणी गोळा करणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी वेगळा माणूस लागतो.

आरक्षणावर मी फार लिहिणार नाही. राज्याच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के आहे. वयात सेवेचा काळ अधिक तीन वर्षे अशी सवलत मिळते, आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण सैनिकाला पदवी लागणाऱ्या काही पदांसाठी पात्रही धरतात. तरीही जागा रिकाम्या राहतात, कारण वीस वर्षांनी पुस्तक उघडलेला माणूस संगणकावरच्या परीक्षेत तेवीस वर्षांच्या मुलांशी वेगाने स्पर्धा करू शकत नाही, आणि लिपिकाच्या पदाला मराठीत मिनिटाला ३० शब्द टंकलेखन लागते ते त्याला येत नाही. हे दोन्ही शिकवता येते. कोणत्या विभागाने किती राखीव जागा प्रत्यक्ष भरल्या याचा जिल्हानिहाय तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा. बाकीचे काम तो तक्ताच करील.

सेवेत अपंगत्व आलेल्यांसाठी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून काम करते आहे आणि तिचे ऋण मोठे आहे. पण ज्याला रोजची औषधे, ड्रेसिंग आणि घरच्यांची सोबत लागते, त्याला घरापासून सातशे किलोमीटरवर महिनोन्‌महिने राहणे कठीण जाते. नागपुरात दिव्यांगांसाठी केंद्राचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. खडकीचे शिक्षक आणि इथली जागा यांची सांगड घालावी. वीरपत्नींसाठीही हेच दार उघडे असावे. शिलाईयंत्र वाटण्यापलीकडे त्यांचा विचार अजून फारसा झालेला नाही.

आणि आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील. उरलेले एकवीस ते सत्तावीस वर्षांचे तरुण सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परततील. त्यांना पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. याचा अर्थ, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या आजच्या नियमांत ते बसत नाहीत. इतक्या कोवळ्या वयात हातात आलेल्या रकमेवर गावातल्या प्रत्येक जमीन-दलालाचा आणि शेअर बाजाराच्या प्रत्येक सल्लागाराचा डोळा असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. केंद्रीय पोलीस दलांतले आरक्षण सर्वांना पुरणार नाही. या मुलांना सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणीचा आणि प्रशिक्षणाचा हक्क राज्याने आपल्या अधिकारात द्यावा. दर्जाचा वाद दिल्लीत चालू राहू द्या. वर्गात बसायला दर्जा लागत नाही.

माझी विनंती मोठ्या योजनेची नाही. नागपुरात निवृत्तीच्या वाटेवरील सैनिकांसाठी एक पुनर्वसन कक्ष सुरू करावा, त्याला पुण्याला न विचारता निर्णय घेण्याइतका अधिकार असावा, आणि पहिल्या वर्षी त्याने चारच वाटा पक्क्या कराव्यात : स्फोटके व खाणकाम, अग्निसुरक्षा, विमान देखभाल आणि गोदाम व्यवस्थापन. प्रत्येक वाटेवर दाखला देणारी संस्था, शिकवणारी संस्था आणि माणसे घेणारा उद्योग यांच्यात लेखी करार व्हावा. करारात प्रशिक्षणाच्या शेवटी मुलाखत देण्याची हमी असावी; नोकरीची हमी आम्ही मागत नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी शासन दरवर्षी नागपुरात येतेच. त्या दिवसांत एका दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयात पेसो, खाण सुरक्षा महासंचालनालय, अग्निशमन महाविद्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्स, मिहानमधील कंपन्या आणि आयटीआयचे प्राचार्य यांना एका टेबलाशी बोलवावे, आणि महासंचालनालयाचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी दिल्लीहून पाठवावा. जिल्ह्यातील इच्छुक माजी सैनिकांची नावे, ट्रेड, सेवेची वर्षे आणि आज ते करीत असलेले काम यांची यादी आम्ही त्या बैठकीपूर्वी आपल्या कार्यालयात पोहोचती करू.

आपला विश्वासू,
एक माजी सुभेदार, कोर ऑफ इंजिनिअर्स
नागपूर